मनगटावरचा क्रूस

हट्टा (ता. वसमत) येथील एका तरुण वाचकाचा प्रश्न: ख्रिस्ती माणसाने मनगटावर क्रूस गोंदवून घेणे पाप आहे का? घरातले वडीलधारे बायबलचा दाखला देऊन विरोध करतात.

वडीलधाऱ्यांच्या मनात आहे ते लेवीय 19:28. मृतांसाठी अंगावर वार करून घेणे आणि गोंदवणे यांना तिथे मनाई आहे. पण त्याच अध्यायात दाढीच्या कडा कापण्याला आणि दोन जातींच्या धाग्यांचे कापड वापरण्यालाही मनाई आहे. ते नियम इस्राएली लोकांना शेजारच्या समाजांच्या प्रथांपासून वेगळे ठेवण्यासाठी होते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15 मध्ये परजातीय विश्वासणाऱ्यांवर मोजकीच बंधने घातली गेली. त्यांत गोंदणाचा उल्लेख नाही.

इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला छोटा क्रूस गोंदवतात. जेरुसलेममध्ये रझूक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना गोंदून देते. मार्च 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही तरुणांच्या एका सभेत टॅटूला घाबरू नका असे सांगितले आणि कपाळावर क्रूस गोंदवणाऱ्या इरिट्रियातील ख्रिस्ती लोकांचे उदाहरण दिले.

मराठवाड्यात आजीच्या कपाळावर, हातांवर हिरवे गोंदण असतेच. अशी आजी पुढे ख्रिस्ती झाली, तर त्या खुणांबद्दल तिला दोषी ठरवणे सरळसरळ अन्याय आहे.

तरीही घाई नको. करिंथकरांस पहिले पत्र शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणते, म्हणून सुईचा विचार आधी करावा: जत्रेत एकच सुई अनेकांना वापरली, तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. सुई नवी, पाकीट समोर फोडलेले हवे. गोंदवल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. आणि आईवडिलांशी आधी बोलावे.