करार, पलायन आणि अक्षर

सतराव्या शतकात इंग्लंड-आयर्लंडमधील हजारो गरीब माणसे अमेरिकेतील इंग्रज वसाहतींत गेली. जहाजाचे भाडे देण्याची ऐपत नसल्याने त्यांनी करार लिहून दिले : भाडे मालकाने भरावे आणि त्याबदल्यात साधारणतः चार ते सात वर्षे आपण त्याच्याकडे राबावे. हा करार मालकाला दुसऱ्यास विकता येई. पळून जाणारा सापडला की त्याची मुदत वाढे.

1640 मध्ये व्हर्जिनियातून तीन नोकर पळाले आणि मेरीलँडमध्ये पकडले गेले. तिघांनाही तीस-तीस फटक्यांची शिक्षा झाली. दोघा युरोपीयांची मुदत चार वर्षांनी वाढली. तिसरा, आफ्रिकी वंशाचा जॉन पंच, आजन्म चाकर ठरला. अपराध एकच, शिक्षा मात्र जन्म पाहून. असा न्याय आपल्या समाजाला अपरिचित नाही.

फरारी नोकरांच्या जाहिराती पुढे वर्तमानपत्रांत छापून येऊ लागल्या. त्यांत उंची, कपडे, अंगावरचे व्रण यांचे वर्णन असे. काहींत आणखी एक इशारा असे : याला लिहिता येते, हा प्रवासाचा खोटा परवाना स्वतःच तयार करील. मालकाला नोकराच्या पायांइतकीच त्याच्या अक्षराचीही धास्ती होती.

आगाऊ पैसा आणि त्यात अडकलेले श्रम यांची ही गाठ बीड जिल्ह्याला नवी नाही. येथील असंख्य कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता मानला जातो. उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. उचल घेणारा प्रत्येक मजूर वेठबिगार असतो असे आम्ही म्हणत नाही. मात्र फेड होईपर्यंत ज्याला काम सोडता येत नाही, त्याची स्थिती त्या करारबद्ध नोकराहून फार वेगळी नसते.

भेद आहे तो कायद्याचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्येच महार वतनाच्या जोखडाविरुद्ध मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे संविधानाच्या 23व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली. 1976 च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज फेडण्याचे बंधनच रद्द केले आणि अंमलबजावणीचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवण्याची तरतूद केली. भूक व दारिद्र्यामुळे किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करावे लागणारे काम हेही सक्तीचेच श्रम होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये स्पष्ट केले. म्हणून आज मजुराला रात्री पळून जावे लागू नये. दिवसा, उजळ माथ्याने दाद मागता यावी.

त्यासाठी हिशेब वाचता आला पाहिजे. आमच्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : उचलीच्या दिवसांत आपल्या वस्तीतील कुटुंबांसोबत बसावे. अंगठा उठण्यापूर्वी कागद मोठ्याने वाचून दाखवावा, रक्कम व दर वहीत लिहून ठेवावेत, कागदाची एक प्रत घरात राहील असे पाहावे. आणि पालकांनी कोयत्यासोबत लेकरू फडात नेऊ नये. त्याला शाळेत ठेवावे. पुढच्या उचलीचा कागद तेच वाचणार आहे.