रिपीटर ऐकू येतो, पण माझी हाक पोचत नाही!

प्रश्न : हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना नुकताच मिळाला. हँडसेटवर मुंबईचा रिपीटर ऐकू येतो, पण माझी हाक कुणालाच जात नाही. ५ वॉट कमी पडतात का?
– एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : अभिनंदन! मोठा सेट घ्यायची घाई करू नका. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो. तुम्ही बहुधा त्याची बोलण्याचीच फ्रिक्वेन्सी साठवली आहे. दोन मीटर बँडवर हा फरक सहसा ६०० किलोहर्ट्झ असतो. समजा, तो १४५.७०० मेगाहर्ट्झवर ऐकू येतो, तर तुमचे प्रक्षेपण १४५.१०० वर जायला हवे. म्हणजे ऑफसेट ०.६००, दिशा उणे. पुष्कळ रिपीटर ठरावीक टोनशिवाय उघडतच नाहीत. तो टोन जुन्या हॅमना विचारा, ते आनंदाने सांगतात. टोन फक्त प्रक्षेपणाला लावा. ऐकण्यालाही लावलात तर सेट मुका वाटू शकतो. सगळे भरून झाल्यावरच चॅनेल मेमरीत टाका.

मानपाड्याहून मुंबईकडे येऊरचे डोंगर आडवे येतात, म्हणून गच्चीवरून प्रयत्न करा. आधी ऐका, मग कॉलसाइन सांगा. हौशी बँडबाहेर मात्र पीटीटी (बोलण्याचे बटण) कधीही दाबू नका. तिथे पोलिसांसारख्या सेवांचे काम चालू असते.