हिवाळ्याचे पाहुणे

नोव्हेंबर महिना लागला, की पहाटे गारवा जाणवू लागतो. त्या सुमारास उत्तरेकडील थंड प्रदेशात तळी गोठू लागतात. तेथील बदकांना अन्न मिळेनासे होते. मग ती हजारो किलोमीटर उडत आपल्याकडे येतात. नाशिक जिल्ह्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे. हिवाळ्यात तेथील पाणी पक्ष्यांनी गजबजून जाते.

थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छर्र्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही चिमणी कोणती, हे जाणून घेण्याची त्यांना ओढ लागली. पुढे त्याच हातांनी पक्ष्यांवर पुस्तके लिहिली.

मुलांनो, या आनंदाला पैसे लागत नाहीत. जवळच्या तळ्यावर जा. एखादा पक्षी निवडा. त्याची चोच, पंख आणि चाल नीट पाहा. वहीत त्याचे चित्र काढा व खाली तारीख लिहा. मात्र दगड मारू नका, गोंगाट करू नका. एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या पाहुण्याला विसावा हवा असतो.