उगारलेला हात

मुलांनो, पिंपरी-चिंचवड ही कारखान्यांची नगरी. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. पुढे वाहनांचे कारखाने आले आणि उद्योगांची ही रांग चाकणपर्यंत जाऊन पोचली. पोटासाठी दूरदूरच्या गावांची माणसे येथे आली. कित्येक घरी आईबाप पाळीवर जातात व मुले वस्तीत एकटीच राहतात. त्यांतील काही वाईट संगतीस लागतात. रात्री कोयते नाचवीत मोटारींच्या काचा फोडणाऱ्या टोळक्यांत कधीकधी पंधरा-सोळा वर्षांची मुलेही सापडतात. पोलीस त्यांना पकडून बाल न्याय मंडळापुढे उभे करतात. परंतु त्यांच्या मनात इतका राग कोठून आला, हे क्वचितच कोणी विचारतो.

हा राग रंगभूमीवर आणता येईल काय? ठाणे हेही असेच कारखान्यांमुळे वाढलेले शहर. तेथे असा एक प्रयत्न झाला आहे. नाटककार रत्नाकर मतकरी हे १९६२ पासून बालनाट्ये करीत आले होते. वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, २०१४ साली, त्यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या कार्यकर्त्यांसह 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. मुलांना आयते नाटक द्यावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. गोष्ट मुलांनीच आपल्या वस्तीतून शोधावयाची आणि संवादही त्यांनीच जुळवावयाचे. नेपथ्याचा थाटमाट नाही.

अशा नाटकात मारामारीचा प्रसंग बसवावयाचा म्हणजे काय करावे लागते, ते पाहा. उगारलेला हात समोरच्याच्या गालापाशी थांबवावा लागतो. तोही एकदा नव्हे, प्रत्येक तालमीत. भूमिका बदलल्या म्हणजे दांडगाई करणाऱ्या मुलाच्या वाट्यास मार खाणाऱ्याचे काम येते. खाली पडून वर पाहिले की तीच गल्ली त्याला निराळी दिसते! शिवाय मारणारा का चिडला, हे ठरविल्यावाचून प्रसंग उभाच राहत नाही. मग बापाचे व्यसन, शाळेत झालेला अपमान, सुटलेले शिक्षण अशी एकेक गोष्ट मुले बोलू लागतात. एरवी ती कोणापाशी बोलली असती?

नाटकाने सगळीच मुले वळणावर येतात, असे मात्र समजू नये. घरची ददात आणि बापाची दारू तालमीने सुटत नाही.

मतकरी १७ मे २०२० रोजी निवर्तले. त्यांच्यामागेही ठाण्याच्या वस्त्यांतील मुलांनी नाटके बसविणे सोडले नाही. पिंपरी-चिंचवडला तर जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे नाट्यसंमेलन भरले होते. तेथे नाट्यगृहे आहेत, नाटकवेडी माणसेही पुष्कळ आहेत. आणि तालमीला वस्तीतील समाजमंदिराचा ओटादेखील पुरतो.