‘मोदक’ वळणाची अक्षरे

मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने 2015 मध्ये ‘मोदक’ हे देवनागरी अक्षरवळण विनामूल्य उपलब्ध केले. त्यातील अक्षरे आधी हाताने रेखाटून मग संगणकावर घेतलेली आहेत. ती नावाप्रमाणेच गुबगुबीत असून आतील पोकळी केसाएवढ्या रेषेपुरतीच उरते. बालसभेच्या फलकास, हस्तलिखिताच्या मुखपृष्ठास हे वळण फार शोभते. पहिलीच्या वाचनपाठास मात्र ते योजू नये. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतील भेद शिरोरेषेतील लहानशा खंडावर असतो. बारीक छपाईत, त्यातही झेरॉक्स प्रतीत, शाई भरून तो खंड बुजतो. मूल अडखळते, आणि दोष अक्षराचा असता मंद मात्र मूल ठरते. तेथे शिक्षकाने बोरूने लिहिलेली ठसठशीत अक्षरपट्टीच वापरावी.