बचावाची फळी कोणी सांभाळावी? : पॅरिस ऑलिंपिकमधील एका प्रश्नाचा अभ्यास

हॉकीचा इतिहास आपल्याकडे बहुधा गोलांच्या भाषेत सांगितला जातो. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे भारताने अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळविला. त्यांतील दहा गोल ग्वाल्हेरच्या रूपसिंगांचे व आठ त्यांचे ज्येष्ठ बंधू ध्यानचंद यांचे, हे आपणांपैकी पुष्कळांना मुखोद्गत असते. परंतु त्याच संघात मागे उभे राहून गोलाचे रक्षण करणारा कार्लाइल टॅपसेल १९३२ व १९३६ अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला, हे किती जणांस ठाऊक आहे? गोल करणाऱ्याचे नाव फलकावर लागते. गोल होऊ न देणाऱ्याचे नाव बहुधा कोठेच लागत नाही. यास्तव ह्या लेखात आम्ही मागच्या फळीचाच विचार करण्याचे योजिले आहे, आणि त्यासाठी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील एक बिकट प्रसंग निवडला आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहू. जुन्या काळी हॉकीचा संघ पाच आघाडीचे, तीन मधले व दोन मागचे अशा रचनेने उभा राहत असे. पुढे खेळाचे रूप पालटले. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून गवताच्या जागी कृत्रिम मैदान आले व चेंडूची गती वाढली. १९९० नंतरच्या दशकात ऑफसाइडचा नियमही गेला. त्यामुळे प्रतिपक्षाचा खेळाडू आपल्या गोलाजवळ येऊन खुशाल थांबू लागला. साहजिकच दोन बचावपटूंनी भागेना. आता बहुतेक संघ मागे चार खेळाडू ठेवतात व प्रसंग पाहून मधल्या फळीतील एखाददुसरा मागे ओढतात. सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे साठ मिनिटांचा असतो; आणि खेळ चालू असताना हवे तितक्या वेळा खेळाडू बदलता येतात. बाहेर बसलेला खेळाडूदेखील एका अर्थी खेळतच असतो, कारण त्याच्या जिवावर आतला खेळाडू विश्रांती घेतो.

पॅरिसला गेलेल्या भारतीय संघात सोळा खेळाडू होते : एक गोलरक्षक, पाच बचावपटू, पाच मधल्या फळीतील व पाच आघाडीचे. गोलरक्षक श्रीजेश याची ती अखेरची स्पर्धा होती. कर्णधार हरमनप्रीत सिंग, अमित रोहिदास, जरमनप्रीत सिंग, सुमित व संजय हे पाच बचावपटू. त्यांपैकी रोहिदासवर आणखी एक विशेष जबाबदारी असे. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी बचाव करणारे पाचच जण, गोलरक्षकासह, गोलरेषेमागे उभे असतात. बाकीच्यांना मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे जावे लागते. चेंडू आत येताच त्या पाचांतील एक जण फटका मारणाऱ्याच्या अंगावर सरळ धावून जातो. चेंडूच्या वाटेत स्वतःचे शरीर घालण्याचे हे काम आहे. त्याला धैर्य तर हवेच, पण पावलांचा अचूक अंदाजही हवा. भारतीय संघात हे काम प्रामुख्याने रोहिदासचे होते.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. ४ ऑगस्ट २०२४ रोजी कोलंब येथील यीव्ह द्यु मानुआर मैदानावर भारत व ग्रेट ब्रिटन यांच्यात उपांत्यपूर्व सामना झाला. सतराव्या मिनिटाला रोहिदासची काठी ब्रिटनच्या विल कॅलननच्या तोंडावर लागली. पंचांनी चित्रफीत पाहून त्यास लाल कार्ड दाखविले. ती कृती हेतुपुरस्सर होती की ओघात घडली, ह्याविषयी मोठा वाद माजला. परंतु पंचांचा निर्णय कायम राहिला आणि उरलेली चाळीसहून अधिक मिनिटे भारताला दहा खेळाडूंनिशी खेळावे लागले. इतकेच नव्हे, तर रोहिदासवर पुढील एका सामन्याची बंदी आली. त्याविरुद्ध केलेला अर्जही फेटाळला गेला. म्हणजे ६ ऑगस्टच्या जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारताचे पंधराच खेळाडू उपलब्ध होते.

येथे दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत, त्या निरनिराळ्या ओळखल्या पाहिजेत. ब्रिटनविरुद्ध मैदानावरचाच एक माणूस कमी झाला होता. जर्मनीविरुद्ध मैदानावर अकरा जण पुरे होते. उणीव होती ती बाहेरच्या बाकावर. पहिल्या अडचणीत राखावयाची भूमी वाढते, दुसरीत विश्रांती घटते.

थोडे अंकगणित करू. हॉकीचे मैदान सुमारे ९१ मीटर लांब व ५५ मीटर रुंद, म्हणजे अदमासे पाच हजार चौरस मीटर असते. गोलरक्षक वगळता दहा जण असले, तर प्रत्येकाच्या वाट्यास पाचशे चौरस मीटर येतात. नऊ असले, तर साडेपाचशेहून अधिक. ही झाली पहिली अडचण. आता दुसरी. मागच्या फळीत चार जागा धरल्या, तर साठ मिनिटांत एकूण २४० मिनिटांचे काम होते. पाच बचावपटूंत ते वाटले, की प्रत्येकी सरासरी ४८ मिनिटे पडतात. एक गळाला, की उरलेल्या चौघांना पुरी साठ मिनिटे खेळावे लागते, नाहीतर मधल्या फळीतून कोणी तरी मदतीस आणावे लागते. एका माणसाची उणीव वरवर लहान दिसते. फळीत मात्र ती अशी मोठी होते.

ब्रिटनविरुद्ध भारताने अनुभवी मनप्रीत सिंग यास मधल्या फळीतून मागे आणले. बाविसाव्या मिनिटाला हरमनप्रीतने गोल केला, सत्ताविसाव्या मिनिटाला ली मॉर्टनने बरोबरी साधली, आणि त्यानंतर भारताने एकही गोल होऊ दिला नाही. शूटआउटमध्ये भारताने ४-२ असा विजय मिळविला. श्रीजेशचे कर्तृत्व त्यात थोर होतेच. परंतु त्याच्यापर्यंत येणारे चेंडू वाटेतच अडविणाऱ्यांचे श्रमही विसरता येणार नाहीत.

मग प्रश्न उरतो तो हा : उपांत्य सामन्यासाठी हीच व्यवस्था पुढे चालवावी, की निराळी करावी? ह्यावर दोन पक्ष संभवतात.

पहिला पक्ष म्हणेल : जी फळी दहा जणांनिशी टिकली, ती मोडू नये. मनप्रीत हा संघाचा माजी कर्णधार. टोकियोत, म्हणजे २०२१ साली, त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने कांस्यपदक मिळविले होते. मागे उभे राहून सहकाऱ्यांस हाक देणारा असा मनुष्य हाताशी असताना कमी अनुभवाच्या खेळाडूवर एवढा भार का टाकावा? शिवाय बाद फेरीत दुसरी संधी नसते.

दुसरा पक्ष म्हणेल : आपत्काली योजलेला उपाय नित्याचा नियम होऊ शकत नाही. दहा जणांनी खेळताना हेतूच मुळी रक्षणाचा होता. चेंडू आपल्याकडे फारसा राहणार नाही, हे गृहीतच होते. अकरा जणांनी खेळताना चेंडू पुढे नेणेही तितकेच अगत्याचे. मनप्रीत मागे गेला, की मधली फळी दुबळी होते. ती दुबळी झाली, की प्रतिपक्षाचे हल्ले वाढतात, आणि ज्या फळीला आपण बळकट करू गेलो तिच्यावरच अधिक भार येतो. नियमित बचावपटू निवडले गेले आहेत, ते ह्याच कामासाठी.

प्रत्यक्ष सामन्यात जर्मनीने ३-२ असा विजय मिळविला. हरमनप्रीतने सातव्या मिनिटाला भारताला आघाडी मिळवून दिली; पुढे गॉन्झालो पेइयाट व ख्रिस्तोफर रूर यांनी जर्मनीस पुढे नेले; छत्तिसाव्या मिनिटाला सुखजीतने बरोबरी केली; आणि चोपन्नाव्या मिनिटाला मार्को मिल्टकाऊने निर्णायक गोल केला. सामना संपावयास तेव्हा सहाच मिनिटे उरली होती.

ह्यावरून भारताची निवड चुकली, असे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. जर्मनीचा एक गोल पेनल्टी कॉर्नरवर, एक पेनल्टी स्ट्रोकवर व एक चालू खेळातून झाला. पेनल्टी स्ट्रोकपुढे एकटा गोलरक्षक असतो. तेथे फळीचा उपयोग नाही. पेनल्टी कॉर्नरवर रोहिदासची उणीव जाणवली असेल. परंतु फटका मारणारा पेइयाट हा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अर्जेंटिनाच्या संघातील नामांकित खेळाडू होता, आणि रोहिदास असतानाही असे गोल होतात. निकालावरून निर्णयाची परीक्षा करणे सोपे असते, पण ते न्याय्य नव्हे. निर्णय घेणाऱ्यास त्या क्षणी जे ठाऊक होते, तेवढ्यावरूनच त्याची पारख केली पाहिजे.

त्या कसोटीवर पाहता आमचे मत असे आहे. ब्रिटनविरुद्ध मनप्रीतला मागे आणणे सर्वथा योग्य होते. अचानक संकट आले असता अनुभवाचीच किंमत अधिक. जर्मनीविरुद्ध मात्र दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते : उरलेल्या चार बचावपटूंवर मुख्य भिस्त ठेवावी, आणि त्यांस थोडी थोडी विश्रांती मिळावी एवढ्यापुरतेच मनप्रीतने आळीपाळीने मागे यावे. पेनल्टी कॉर्नरवर धावून जाण्याचे काम मात्र वेगळे मानावे. ते फळीतल्या जागेवरून न ठरविता, ज्यास त्याचा सराव आहे त्याच्याकडे द्यावे. ह्यावर कोणी म्हणेल, की अखेरच्या पंधरा मिनिटांत थकवा आला म्हणजे सारे हिशेब कोसळतात. आक्षेप खरा आहे. आणि म्हणूनच विश्रांतीचा हिशेब पहिल्या मिनिटापासून ठेवावा लागतो, असे आमचे त्यास उत्तर आहे.

८ ऑगस्ट रोजी रोहिदास परत आला व भारताने स्पेनला २-१ असे हरवून कांस्यपदक जिंकले. १९६८ व १९७२ नंतर प्रथमच लागोपाठ दोन ऑलिंपिक स्पर्धांत भारतीय हॉकी संघास पदक मिळाले. ह्या विजयानेही वरील वाद मिटत नाही, आणि मिटावा असा आमचा आग्रहही नाही.

परंतु आपल्या शाळेच्या संघासाठी ह्यातून एक गोष्ट निश्चित घेता येईल. मनप्रीत मागे येऊन उभा राहू शकला, तो मागच्या जागेचे काम त्यास पूर्वीच अवगत होते म्हणून. संघ निवडताना आपण ‘कोण कोठे खेळेल’ एवढेच ठरवितो. ‘तो नसेल तर कोण’ हे ठरवावयाचे बहुधा राहून जाते. सरावाच्या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी जागा बदलून खेळावे. आघाडीच्या मुलाने मागे उभे राहून पाहावे, मागच्याने पुढे जाऊन पाहावे. असे केल्याने दुसऱ्याच्या कामाची कठीणता कळते, आणि वेळ आली म्हणजे रिकामी जागा रिकामी राहत नाही.