घरातला कडा

आपल्या सह्याद्रीचे कडे बेसाल्ट खडकाचे आहेत, हे तुम्ही भूगोलात वाचले आहेच. जून महिन्यात पाऊस सुरू झाला की हे कडे निथळू लागतात, कपारींत शेवाळ धरते आणि प्रस्तरारोहकांचे दोर खुंटीला लागतात. मग तीन-चार महिने सराव कोठे करायचा?

इंग्लंडमध्ये तर ही अडचण बाराही महिन्यांची. तेथील लीड्स विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणारे डॉन रॉबिन्सन यांनी १९६४ साली तिच्यावर एक साधा तोडगा काढला. इमारतीतील एका मार्गिकेच्या भिंतीत त्यांनी दगडाचे तुकडे बसवले आणि विद्यार्थ्यांना त्यांवर चढायला लावले. जॉन सिरेट नावाचा विद्यार्थी मुख्यतः या भिंतीवर तयार झाला. पुढे १९७० मध्ये त्याने जवळच्याच अल्म्सक्लिफ येथील 'वॉल ऑफ हॉरर्स' ही त्या काळी अतिशय अवघड समजली जाणारी चढाई करून दाखवली. भिंतीवर शिकलेली विद्या खडकावर उपयोगी पडते, हे त्यामुळे सर्वांना पटले. टोकियोच्या ऑलिंपिक स्पर्धा २०२१ साली झाल्या, तेव्हा त्यांत भिंतीवरच्या चढाईचा प्रथमच समावेश झाला.

अशी छोटी भिंत घरच्या पडवीत किंवा शाळेच्या व्यायामशाळेतही उभी करता येते. मात्र ती कोणा एकट्याने करायची गोष्ट नाही. घरातील मोठी माणसे आणि एखादा जाणकार सुतार यांना बरोबर घेऊनच हे काम करायचे. तुमचा वाटा कोणता? मोजमापाचा आणि विचाराचा! कारण या भिंतीत तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातली निम्मी प्रकरणे दडलेली आहेत.

फळीचा कल किती ठेवावा?

सरावाची फळी सहसा सरळ उभी नसते. तिचा माथा आपल्या अंगावर झुकलेला असतो. असे का, ते तरफेच्या नियमाने पाहू. भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा, हा तो नियम.

समजा, तुमचे वजन ४५ किलोग्रॅम आहे. तुम्ही उभ्या भिंतीवर आहात आणि हात पायांपासून १५० सेंटिमीटर वर आहेत. पाय हा झाला टेकू. शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. तो भिंतीपासून ३० सेंटिमीटर दूर आहे असे धरा. शरीराचा भार तुम्हांला मागे पाडू पाहतो आणि हात तुम्हांला भिंतीकडे ओढून धरतात. ४५ गुणिले ३० म्हणजे १,३५०. त्याला १५० ने भागले की ९ येतात. म्हणजे हातांना ९ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ द्यावी लागते.

आता हीच फळी २० अंशांनी अंगावर झुकवा. पायांपासून फळीच्या दिशेने ७५ सेंटिमीटर वर असलेला गुरुत्वमध्य आता पायांच्या बराच बाहेर जातो. हे आडवे अंतर सुमारे ५४ सेंटिमीटर भरते. ४५ गुणिले ५४ भागिले १५०, उत्तर सुमारे १६. केवळ २० अंशांनी फळीला काटकोनात लागणारी हातांची ओढ जवळजवळ पावणेदोनपट झाली!

पण याच गणितात एक गुपितही आहे. कंबर फळीजवळ आणून ते ३० सेंटिमीटरचे अंतर १५ वर आणा. आडवे अंतर सुमारे ४० सेंटिमीटरवर येते आणि हातांची ओढ १६ वरून १२ वर उतरते. दंडातले बळ तेवढेच, तरी काम हलके झाले. 'कंबर भिंतीला लाव' असे जाणते आरोहक नवशिक्यांना सारखे का सांगतात, ते आता कळले ना?

नवशिक्यांसाठी १५ ते २० अंश कल पुरेसा आहे. तो मोजायला कोनमापकही लागत नाही; गवंड्याचा ओळंबा पुरतो. फळीच्या माथ्यावरून ओळंबा सोडा आणि त्याची दोरी फळीच्या तळकडेपासून किती पुढे येते ते मोजा. प्लायवुडचा आठ फुटी तक्ता म्हणजे २४४ सेंटिमीटर लांबीचा. दोरी ८३ सेंटिमीटर पुढे आली की कल २० अंश झाला असे समजा. अशा तक्त्याची उभी उंची सुमारे २२९ सेंटिमीटर भरते. त्याच्या खाली पाय टेकवण्यासाठी ३० सेंटिमीटरची उभी पट्टी बसवली, तरी नऊ फुटी छताखाली सारे मावते.

चौकट, तक्ता आणि दातांचा नट

तक्ता १८ मिलिमीटर जाडीच्या, ओलाव्याला टिकणाऱ्या चांगल्या प्लायवुडचा घ्यावा. प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवून केलेली फळी. शेजारच्या दोन पापुद्र्यांतले तंतू एकमेकांना काटकोनात असतात. साधी फळी तंतूंच्या दिशेने फाटते. प्लायवुडला अशी फाटण्याची सोपी दिशाच नसते.

तक्त्याच्या मागे चार उभे वासे बसवावेत: दोन कडांना आणि दोन मध्ये, एका कडेपासून ४० व ८० सेंटिमीटरवर. पकडी अडकवण्याची भोके १०, ३०, ५०, ७०, ९० आणि ११० सेंटिमीटरवर घ्यावीत. मग एकही भोक वाशावर येत नाही. लांबीच्या दिशेनेही २० सेंटिमीटरचेच अंतर ठेवले, तर बारा ओळी होतात. बारा सक बहात्तर! एका तक्त्यावर बहात्तर जागा मिळाल्या.

प्रत्येक भोकात मागच्या बाजूने टी-नट ठोकायचा. हा नट म्हणजे आतून आटे असलेली आखूड नळी आणि तिच्या एका टोकाला दातेरी चकती. चकतीचे दात लाकडात रुततात, त्यामुळे नट फिरत नाही. तो मागूनच का ठोकायचा? पुढून बोल्ट आवळला की नट पुढे ओढला जातो आणि त्याची चकती तक्त्यावर अधिकच घट्ट दाबली जाते. पुढून ठोकला असता, तर पहिल्याच झटक्याला उपटून हातात आला असता. दहा मिलिमीटरच्या बोल्टाचे टी-नट वापरतात. भोक नटाची नळी जेमतेम बसेल एवढेच पाडावे. आणि हे सारे नट तक्ता चौकटीवर चढवण्यापूर्वी ठोकावेत. नंतर मागे हात पोचत नाही.

चौकट कशाला बांधायची, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आरोहक एखाद्या पकडीवर झेप घेतो, तेव्हा बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी अधिक असतो. पातळ विटांच्या भिंतीचा येथे भरवसा धरू नये. काँक्रीटच्या तुळईचा व खांबाचा आधार घ्यावा, आणि तोही बांधकामाच्या जाणकाराला विचारून. भिंतीला हात न लावता स्वतंत्र त्रिकोणी चौकट करायची असेल, तर तिचे पाय फळीच्या माथ्याखालून बरेच पुढे काढावेत. आरोहकाचा भार पायांच्या बाहेर गेला, तर चौकट त्याच्यासकट पुढे कोसळेल.

पकडी घडवू या

बाजारात राळेच्या, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या, रंगीबेरंगी पकडी मिळतात. पण सुताराकडच्या टणक लाकडाच्या तुकड्यांपासूनही उत्तम पकडी होतात, आणि त्यांनी बोटांची साले निघत नाहीत. आकारानुसार त्यांचे चार मुख्य प्रकार पडतात. सारी बोटे आत जातील अशी खोल खोबण म्हणजे 'जग'. बोटांच्या पेरांपुरता अरुंद काठ म्हणजे 'क्रिम्प'. अंगठा व बोटे यांच्या चिमटीत धरायचा ठोकळा म्हणजे 'पिंच'. आणि काठच नसलेली, तळव्याच्या घर्षणावर धरायची गोलसर पकड म्हणजे 'स्लोपर'.

येथे फळीचा कल पुन्हा आठवा. उभ्या भिंतीवर जी पकड सपाट फडताळासारखी असते, तीच २० अंश झुकलेल्या फळीवर बाहेरच्या बाजूला २० अंशांचा उतार बनते. म्हणून झुकत्या फळीवरच्या सोप्या पकडींना आतल्या बाजूला तेवढा उतार द्यावा.

ठोकळ्यात लाकडाचे तंतू आडवे, म्हणजे काठाच्या दिशेने ठेवावेत. बोल्टाच्या डोक्यासाठी सपाट तळाचा खळगा करावा आणि तळाशी वॉशर घालावा. निमुळत्या डोक्याचा बोल्ट पाचरीसारखा घुसून ठोकळा चिरतो. सर्व काठ कानशीने गोल करून काचकागदाने घासावेत. धारदार काठ बोटाच्या एकाच रेघेवर सारा भार टाकतो. गोल काठ तो पसरवतो.

बोल्टाची लांबी मोजूनच घ्यावी. वॉशर २ मिलिमीटर, त्याखालचे लाकूड २० आणि तक्ता १८, मिळून ४० मिलिमीटर झाले. येथे ४५ मिलिमीटरचा बोल्ट घेतला, तर तो नटाचे सर्व आटे धरून मागे थोडा डोकावतो. आखूड बोल्ट एकदोन आट्यांवरच लोंबतो आणि ते आटे झिजवून एखाद्या दिवशी दगा देतो.

पकड कशाने टिकते? बोल्ट तिला फळीवर दाबून धरतो आणि दोहोंमधले घर्षण तिला सरकू देत नाही. पण बोल्टापासून दूर, कडेला हात पडला की पकड पान्यासारखी फिरू पाहते. यासाठी प्रत्येक पकडीला बोल्टाशिवाय एक लाकडी स्क्रूही मारावा. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. त्यामुळे काल घट्ट असलेला बोल्ट काही महिन्यांनी सैल होतो. चढण्यापूर्वी प्रत्येक पकड हाताने हलवून पाहण्याची सवय लावून घ्या.

पकडी बसवण्याचे शास्त्र

पकडींची रचना म्हणजे एक कोडे घालणे होय. सुरुवातीला पायांसाठी भरपूर पकडी बसवा आणि मगच हातांच्या बसवा. पकड तिच्या काठाला काटकोनात ओढली, तरच नीट धरता येते. म्हणून तीच पकड पाव वळसा फिरवली की कोडे बदलते. आता ती खाली नव्हे, बाजूला ओढावी लागते आणि पायाने उलट दिशेला रेटावे लागते.

एक हात व एक पाय उरला की शरीर दारासारखे फिरते, हा अनुभव तुम्हांला लवकरच येईल. हात आणि पाय यांना जोडणारी रेषा ही बिजागरी. गुरुत्वमध्य त्या रेषेच्या एका बाजूला असला की दार उघडलेच! मोकळा पाय दुसऱ्या बाजूला लांबवून गुरुत्वमध्य रेषेखाली आणा, दार थांबते.

कोडे फार अवघड वाटले, तर एका वेळी एकच गोष्ट बदला: एक पकड, किंवा तिचा एक कोन. काय बदलले आणि काय घडले, ते वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशामुळे जमले ते कधीच कळणार नाही. प्रयोगशाळेचा नियम येथेही तोच. आणि हो, सर्वांत बुटक्या मित्राचा हात पोचतो की नाही, हेही पाहा.

पडण्याचे गणित

चढणारा पडणारच. पाय दीड मीटर उंचीवरून खाली आले आणि ताठ पायांनी फरशीवर शरीर ५ सेंटिमीटरांत थांबले, तर सरासरी धक्का वजनाच्या १५५ भागिले ५, म्हणजे ३१ पट बसतो. जाड गादी २५ सेंटिमीटर दबली, तर तो १७५ भागिले २५, म्हणजे ७ पट होतो. गुडघे वाकवून आणखी २५ सेंटिमीटर मिळवले, तर २०० भागिले ५०, म्हणजे केवळ ४ पट! म्हणून फळीखालची सारी जमीन जाड गाद्यांनी झाकावी, दोन गाद्यांत फट ठेवू नये आणि गुडघे वाकवून उतरण्याचा सराव आधी करावा. हात मागे टेकून पडू नये, मनगट मोडते.

बोटांची हाडे अजून वाढत आहेत

जर्मनीचा नामांकित आरोहक वोल्फगांग ग्युलिश याने १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या 'कॅम्पस' नावाच्या व्यायामशाळेत लाकडी पट्ट्यांची एक शिडी टांगली. पाय मोकळे सोडून तो तिच्यावर केवळ बोटांनी झेपा घेत चढे. १९९१ मध्ये त्याने 'अ‍ॅक्शन डायरेक्ट' ही जगप्रसिद्ध चढाई पूर्ण केली. तेव्हापासून अशा शिडीला 'कॅम्पस बोर्ड' हेच नाव पडले.

ही गोष्ट वाचून तशी शिडी करावीशी वाटेल. पण थांबा! ग्युलिश तेव्हा पूर्ण वाढीचा तरुण होता. तुमच्या बोटांच्या हाडांच्या टोकांशी अजून कूर्चेचे थर आहेत. हाडाची लांबी तेथेच वाढते, आणि म्हणूनच तो भाग हाडाहून कमजोर असतो. अरुंद काठांवर पुन्हापुन्हा ताण दिल्याने वाढत्या वयातील आरोहकांच्या बोटांत याच ठिकाणी तडे गेल्याचे डॉक्टरांना आढळले आहे. दुर्लक्ष केले, तर बोट कायमचे वाकडे राहू शकते. तेव्हा वाढ पूर्ण होईपर्यंत कॅम्पस बोर्ड नको, क्रिम्प कमी आणि जग अधिक. बोटाच्या मधल्या सांध्याशी दुखू लागले, तर मार लागलेला नसला तरी चढणे थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. दुखणे सोसणे ही येथे बहादुरी नव्हे.

करून पाहा

एका फळीवर खोडरबर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. रबर घसरू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची उंची भागिले त्याच्या खालील आडवे अंतर, हा झाला रबर व फळी यांचा घर्षण गुणांक. उंची ३६ सेंटिमीटर आणि आडवे अंतर ६० असेल, तर तो ०.६ येतो. आता फळीवर काचकागद चिकटवा, मग फळी ओली करा, आणि प्रत्येक वेळी मोजा.

मग या तीन प्रश्नांची उत्तरे शोधा. वीस अंश उताराच्या पकडीवर हात टिकण्यासाठी गुणांक किमान किती हवा? फळीचा कल ३० अंश केला, तर आठ फुटी तक्त्यावरचा ओळंबा किती पुढे येईल? आणि प्रस्तरारोहक हाताला मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड का लावतात? ती प्रथा अमेरिकेत १९५० च्या दशकात जॉन गिल या आरोहकाने आणली. तो कसरतपटू होता, एवढे सांगितले की तुम्हांला धागा सापडेल!